लेझर लाव, पण धाक दाखवायला नको

ऑस्टिन, टेक्सास
९ नोव्हेंबर

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या पत्रात चिवड्याऐवजी रिव्हॉल्व्हरची चौकशी करणारा मित्र मला तू एकटाच. वहिनींनी पत्र वाचलं नसावं असं धरून लिहितो.

रात्री दुकान बंद करून गाडीपर्यंत जाताना तुझ्या खिशात ती छोटी स्मिथ अँड वेसन ६४२ रिव्हॉल्व्हर असते. विक्रेत्याने तुला पटवलंय की लेझर असलेली मूठ बंदुकीला बसवली की समोरच्याच्या छातीवर लाल ठिपका पडतो आणि तो बघूनच माणूस पळत सुटतो. माझं म्हणणं, लेझर जरूर लाव. पण हे कारण डोक्यातून काढून टाक.

स्वतःच्या छातीवरचा ठिपका मान खाली घातल्याशिवाय दिसत नाही. अंगावर धावून येणाऱ्याचं लक्ष तुझ्या हाताकडे, नाहीतर तोंडाकडे असतं. शिवाय ठिपका दाखवायचा म्हणजे बंदूक त्याच्यावर रोखणं आलंच. टेक्सासच्या दंडसंहितेत कलम ९.०४ आहे. बळाचा वापर मुळात समर्थनीय असेल, तर केवळ जरब बसवायला शस्त्र दाखवणं हा प्राणघातक बळाचा वापर धरत नाहीत. पण प्रसंग तसा नसेल तर कलम २२.०५ उभं राहतं. जाणूनबुजून कुणाच्या दिशेने बंदूक रोखली की बेदरकारपणा आणि धोका दोन्ही गृहीत धरतात, बंदूक रिकामी आहे असं तुला वाटत असलं तरी. पार्किंगमध्ये कॅमेरे असतात, आणि ठिपका कुठे होता हे तेच दाखवतील.

मग लाव असं का म्हणतो? तुझ्या डोळ्यांसाठी. पन्नाशी उलटली, प्रोग्रेसिव्ह चष्मा आला. हात लांब करून फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, स्पष्ट दिसायला तुला हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून बघावं लागतं. रेंजवर, नेमबाजीच्या सरावात, ते चालतं, अंधारात कुणी अंगावर आलं तर नाही. त्यात ६४२ची नळी जेमतेम १.८७५ इंच. पुढची आणि मागची साइट इतकी जवळ असते की बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होते. लेझरचा ठिपका लक्ष्यावरच असतो, त्यामुळे नजर समोरच्या माणसावरून हलवावी लागत नाही. खाली पडलास, किंवा एका हाताने कुणाला मागे ढकलताना बंदूक डोळ्यासमोर आणता आली नाही, तरी नळी कुठे रोखली आहे ते कळतं. एवढ्या छोट्या रिव्हॉल्व्हरवर हा फायदा मला खरा वाटतो.

आता ठिपक्याचा त्रास ऐक. तो कधीच स्थिर नसतो. हात थरथरतो, साइटवर ते जाणवत नाही, लेझर सगळं उघडं पाडतो. ६४२चा ट्रिगर लांब आणि जड. ठिपका मध्यावर यायची वाट बघत बसलास आणि आला रे आला की हिसका दिलास, तर गोळी खाली जाणार. थरथर चालू दे, ट्रिगर एकसारखा मागे घेत राहा. हे शिकायला लेझरइतका कडक मास्तर नाही. बंदूक रिकामी कर, दोनदा तपास, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेव आणि भक्कम भिंतीवर ड्राय फायर कर, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर ओढ. हॅमर, म्हणजे आतला घोडा, पडताना ठिपका ज्या दिशेला उडतो ती तुझी खोड. मी तर म्हणेन, निम्मे पैसे या सरावातच वसूल होतात.

आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात लाल ठिपका थोड्याच अंतरावर दिसेनासा होतो. हिरवा जास्त टिकतो, कारण आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सगळ्यात तेज दिसतो आणि हिरवे लेझर ५२० किंवा ५३२चे असतात. पण तुझी भीती रात्रीची आहे, लाल पुरे. दिवसा तो दिसला नाही तर तिथेच अडकू नकोस, सरळ साइटवर ये. म्हणून साइटचा सराव सोडायचा नाही.

मुठीतल्या लेझरचा डोळा नळीच्या उजवीकडे, जरा खाली असतो. ७ यार्डांवर ठिपका आणि गोळी एकाच जागी पडतील असं जुळवून घे. तो नळीपासून एक इंच बाजूला असेल, तर २१ यार्डांवर दोघांतला फरक दोन इंच होतो, तोही उलट्या बाजूला. तुझ्या कामाच्या अंतरात हे नगण्य आहे. ट्रिगरवरचं बोट बाहेर काढून सरळ ठेवलं की ते नेमकं किरणाच्या आड येतं. लेझर बिघडला म्हणून घाबरू नकोस. बॅटरी दरवर्षी दसऱ्याला बदल, शस्त्रपूजनाचं निमित्त आहेच.

तू सिग पी३६५ पिस्तूल घ्यायचा विचार करतोयस, तिथे मात्र लेझर नको. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, रेड डॉट ही छोट्या काचेची साइट बसेल असं मॉडेल घे. तो ठिपका काचेत, फक्त तुलाच दिसतो, उन्हातही दिसतो, आणि नजर लक्ष्यावरच राहते. काचेतला ठिपका पटकन शोधायची सवय लागायला वेळ जातो, तेवढा दे.

एच-वन-बी व्हिसावर होतो तेव्हा, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, फेडरल कायद्याने आपल्याला बंदूक ठेवताच येत नव्हती. ग्रीन कार्ड आलं आणि १ सप्टेंबर २०२१ पासून इथे बंदूक जवळ बाळगायला परवान्याची अटही गेली, म्हणून तू एलटीसी, म्हणजे तो बाळगण्याचा परवाना, काढायचं टाळतोयस. काढ. दुसऱ्या काही राज्यांत गाडीने जाताना तो लागतो. परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५०पैकी १७५ गुण. ती लेझर बंद ठेवून दे, म्हणजे डोळ्यांचं नेमकं काय ते तुलाही कळेल.

आणि ओंकार चौदाचा आहे. लाल ठिपका भिंतीवर नाचवायचा मोह त्या वयात कुणालाही होईल. आपल्या निष्काळजीपणामुळे सतराच्या आतल्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली, तर इथे तो गुन्हा ठरतो, तेव्हा मूठ घेशील त्याच दिवशी बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरीही घे.

पुढच्या महिन्यात डॅलसला येतोय. रेंजवर जाऊ. मूठ बसवून ठेव, जुळवायचा बारीक स्क्रू मी आल्यावर फिरवू. वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
सुहास