मॉडेल विमानाची बॅटरी आणि मोटर विकताना दोन शब्द सांगत जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी लालबागला मोटर वाइंडिंगचं काम करतो, तीस वर्षं होत आली, मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप असं सगळं हाताखालून गेलंय. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा. अकरावीत आहे, त्याला छोटी विमानं बनवून उडवायचं वेड लागलंय आणि मला ते मनापासून आवडतं, पोरगं मोबाईल खाली ठेवून सनपॅक शीट (पोकळ प्लास्टिकचा पुठ्ठा) कापत बसतं यापेक्षा चांगलं काय. पण सामान विकणारे या पोरांना काहीच सांगत नाहीत हो, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

झालं असं, विमान तयार झालं, वजन सगळं धरून ७५० ग्रॅम. दुकानदाराने याला २२०० केव्हीची मोटर दिली, वर दहा इंची प्रॉपेलर, २० अँपियरचा ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट) आणि ३ सेलची १००० एमएएचची (म्हणजे एक अँपियर-तास साठवणारी) बॅटरी. "केव्ही जास्त म्हणजे पॉवर जास्त" असं सांगून दिली. गच्चीवर मी शेपटी धरून बसलो, याने थ्रॉटल फुल केला, विमान हातात थरथरायला लागलं आणि पंधरा-वीस सेकंदांत मला वार्निश जळाल्याचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन. मी म्हटलं बंद कर, तर हा म्हणतो "मामा अजून पाच सेकंद". मोटरला बोट लावलं तर चटका बसला, आणि बॅटरी टम्म, उशीसारखी.

आता केव्ही म्हणजे किलोवोल्ट नाही आणि ताकदही नाही. एका व्होल्टला, लोड नसताना, मोटर मिनिटाला किती फेरे मारेल तो आकडा. मोटरची साइज तीच ठेवून तारेचे आटे (वेढे) कमी घातले की केव्ही वाढतो, जास्त घातले की कमी होतो, वाइंडिंगवाल्याला हे वेगळं सांगायला नको. घरातलंच बघा ना, मिक्सर भन्नाट फिरतो पण पातं केवढंसं, छताचा पंखा सावकाश फिरतो पण पाती लांब. मिक्सरच्या मोटरला छताच्या पंख्याची पाती लावली तर काय होईल? भाच्याच्या विमानात तेच झालं. प्रॉपेलर तोच ठेवून फेरे दुप्पट करायचे तर आठपट ताकद लागते, ती मोटर बॅटरीतून ओढायला बघते आणि मग मोटर, ईएससी, बॅटरी यातलं जे कच्चं असेल ते आधी जातं.

नंतर आम्ही २२१२ साइजचीच पण १००० केव्हीची मोटर घेतली (२२१२ म्हणजे आतला स्टेटर २२ मिलिमीटर रुंद, १२ उंच, कुणी हेपण सांगत नाही), प्रॉप म्हणजे प्रॉपेलर तोच दहा बाय साडेचार (दहा इंच लांब, एका फेऱ्यात साडेचार इंच पुढे जाईल असा पीळ), ईएससी ३० अँपियरचा. वॅटमीटर लावून बघितलं तर फुल थ्रॉटलला १५ अँपियरच्या आसपास, बॅटरी ११ व्होल्टवर, म्हणजे १६५ वॅट. साधं शिकायचं विमान असेल तर किलोला दीडशे वॅट पुरतात, कोलांट्या मारायच्या असतील तर दोनशेच्या वर लागतात, आमच्या पाऊण किलोला हे भरपूर झालं. मोटर उलटी फिरली तर घाबरू नका, तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदलायच्या, थ्री फेज पंपाला करतो तसंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की खरेदी उलटी करू नका. आधी विमान किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा, वजनावरून वॅट काढा, मग प्रॉप आणि मोटर, मग ईएससी, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. आमच्या नव्या बॅटरीवर १३०० एमएएच २५सी लिहिलंय (सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देईल तो आकडा) म्हणजे १.३ गुणिले २५, साडेबत्तीस अँपियर देईल असा दावा, पण लेबलवरचा सी बऱ्याचदा फुगवलेला असतो, मी निम्माच धरतो. तरी १६ मिळतात आणि आमचं काम भागतं. भाच्याला २२०० एमएएचची पाहिजे होती, जास्त वेळ उडेल म्हणून, पण ती सत्तरेक ग्रॅम जड, एवढ्याशा विमानाला ते वजन उतरताना जाणवतं, वेग ठेवूनच उतरवावं लागतं आणि नवशिक्याचं नाक तिथेच जमिनीत जातं.

आणि चार्जिंग. ही लिथियम पॉलिमर बॅटरी मोबाईलसारखी रात्रभर लावून झोपायची वस्तू नाही. एका सेलचे ४.२ व्होल्ट झाले की पुरे, आणि वापरताना साडेतीनच्या खाली उतरवू नये, तीनच्या खाली गेली तर संपलीच समजा. चार्जर बॅलन्सवालाच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा पाहिजे आणि १३०० ला १.३ अँपियरच लावायचे. आपल्या मुंबईच्या घरांत जागा ती केवढी, पोरं गादीवर चार्जिंगला लावतात, बाजूला पडदा, पलीकडे गॅसचा सिलिंडर. आम्ही मातीच्या कुंडीत वाळू घालून त्यात ठेवतो, खिडकीखाली लादीवर, आणि कुणीतरी समोर बसलेलं असतंच.

चूक माझ्याकडूनपण झालीय, लपवत नाही. पावसाळ्यात उडवणं बंद म्हणून जूनमध्ये बॅटरी फुल करून कपाटात ठेवली, खंडेनवमीला हत्यारं पूजेला काढली तेव्हा तीपण काढली तर फुगलेली, आणि नेलपेंटसारखा गोडसर वास येत होता. ठेवायची असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवावी हे मला तेव्हा कळलं. फुगलेली परत चार्ज करायची नाही, टोचायची तर अजिबातच नाही. आम्ही गाडीच्या १२ व्होल्टच्या बल्बवर पार उतरवली, पण पुढे द्यायची कुठे? ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, त्यासाठी २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, पण मी जिथून घेतली तिथे परत घ्यायला नाही म्हणाले. ती अजून माझ्या गाळ्यात पत्र्याच्या डब्यात पडून आहे.

अजून एक, पोरं या बॅटऱ्या दप्तरात चाव्या-स्क्रूड्रायव्हरसोबत टाकून भर गर्दीत लोकलने जातात. कनेक्टरला टोपण लावा, नाहीतर चिकटपट्टी तरी.

उडवायची जागा हा वेगळाच विषय आहे, विमानतळ शहराच्या मध्यात असल्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघितल्याशिवाय मुंबईत काही उडवू नये, आम्ही लांब कर्जतकडे जातो.

लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइन हे सामान विकणाऱ्या सगळ्यांना, आणि मे महिन्यात शिबिरं घेणाऱ्यांना, तुमच्या पेपरातून एवढंच सांगा की प्रत्येक बॅटरीसोबत मराठीत एक चिठ्ठी द्या, किती अँपियरने चार्ज करायची, कुठे थांबायचं, फुगली तर काय करायचं. आणि काउंटरवर एक डबा ठेवा जुन्या बॅटऱ्यांसाठी. पहिली बॅटरी मी आणून देतो.

आपला,
एक वाइंडिंगवाला, लालबाग, मुंबई