मोतीला फरशीवर बसून तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

उपचारांनंतर आमच्या कुत्र्याचा, मोतीचा, हार्टवर्मचा (हृदयातल्या जंतांचा) रिपोर्ट निगेटिव्ह आल्याचं तुम्ही सांगितलंत, तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

त्याचा खोकला आधीही दाखवून झाला होता. ‘वय झालंय, होतं असं,’ म्हणून औषधाची बाटली हातात ठेवली गेली. थोडं चाललं की तो मध्येच थांबून धापा टाकतो, हे मी सांगेपर्यंत पुढच्याला आत बोलावलंसुद्धा. रक्ताचा एक थेंब तपासावा असं तिथे कुणाच्या मनात आलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र पहिल्यांदा डासांबद्दल विचारलंत. डास चावताना शिरलेल्या अळ्या सहा-सात महिन्यांत मोठ्या होतात आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या उजव्या बाजूत दोऱ्यासारखे जंत होऊन राहतात. मादी तर 25-30 सेंटिमीटर वाढते. खोकला सुरू होतो तोवर डासांचा तो मोसम कधीच सरलेला असतो. ऐकून माझे हातपाय गळाले.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. आम्ही त्याला उचलून टेबलावर ठेवायला गेलो, तर तुम्ही अडवलंत. ‘नको, घाबरेल. हृदयावर ताण नको.’ आणि पांढऱ्या कोटासकट सरळ फरशीवर मांडी घातलीत. आधी त्याला हात हुंगू दिलात. त्याने आपण होऊन तुमच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली, तेव्हा कुठे स्टेथोस्कोप लावलात. बाहेर रांग होती, तरी तुमच्या हाताला घाई नव्हती.

मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकू नयेत म्हणून उपचारात त्याला पळू द्यायचं नव्हतं. त्याला बांधून ठेवताना जीव तुटायचा. मग आम्हीही तसेच त्याच्याजवळ खाली बसायचो.

हुशार डॉक्टर पुष्कळ असतील. मुक्या जिवाची भीती आधी ओळखणारं माणूस मिळायला मात्र नशीब लागतं, आणि तुमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक जनावराला ते लाभतं.

महिन्याची गोळी आता चुकत नाही. ती मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते, म्हणून डास दिसेनासे झाले तरी लगेच बंद करायची नाही, हे तुमचं सांगणं मी भेटेल त्या कुत्रा पाळणाऱ्याला ऐकवते.

तुमची ऋणी,
मोतीची आई