एका खिडकीसाठी आणि छत्तीस नोंदींच्या वहीसाठी

आदरणीय काकू,

सादर प्रणाम.

समोर बसून तुमचे आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय बदलून हातातल्या फोटोकडे वळलात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, कॅमेरा घेतला खरा, पण आपल्या घरात टिपण्याजोगे आहे तरी काय, या विचाराने तो कपाटात ठेवून देणाऱ्या माणसांपैकी मीही एक होते. त्यांच्यापैकी कोणाच्या वाचनात हे आले, तर तुम्ही मला जे दिले त्यातले थोडे त्यांच्यापर्यंत पोहोचेल, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मी कॅमेरा घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर डोंगर, समुद्र आणि पक्षी होते. महिन्याभरातच सासूबाईंचे पायाचे मोठे दुखणे उद्भवले, बाहेर पडणे थांबले आणि कॅमेरा कपाटात गेला. तुम्ही सासूबाईंना भेटायला आलात, त्या दिवशी सहज म्हणून कॅमेरा मागून घेतलात आणि त्यांच्या खोलीतल्या पूर्वेकडच्या खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिलात. मग म्हणालात, “ही खिडकी तुला महिनाभर पुरेल.” मला ते सांत्वनाचे बोलणे वाटले. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची जुनी ५० मिलीमीटरची लेन्स आणि एक दोनशेपानी वही घेऊन आलात, तेव्हा तुम्ही ते अक्षरशः म्हणाला होतात हे माझ्या लक्षात आले.

तुमची अट साधी होती. महिन्यात छत्तीसच फोटो काढायचे, कारण ३५ मिलीमीटरच्या फिल्मच्या रोलमध्ये तेवढेच निघत आणि तुम्ही स्वतः त्या हिशेबावर शिकलात. प्रत्येक फोटोची नोंद वहीत करायची: वेळ, उजेड कोणत्या बाजूने आला, अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र केवढे), शटरचा वेग (म्हणजे उजेड किती वेळ आत घेतला), आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, ‘का?’ फसलेला फोटो पुसायचा नाही. तो का फसला ते त्याच ओळीत लिहायचे. ज्या कॅमेऱ्यात हजारो फोटो मावतात, त्याच्यावर ही मर्यादा घालणे मला पहिल्या आठवड्यात जाचक वाटले, हे मी आज मोकळेपणाने सांगते. दुसऱ्या आठवड्यात मात्र असे झाले की, हातातल्या उरलेल्या फ्रेम मोजताना मी क्लिक करण्याआधी थांबू लागले, आणि त्या थांबण्यात खोली दिसू लागली.

पहिली शिकवण पडद्याने दिली. सकाळच्या उजेडात पांढराशुभ्र दिसणारा पडदा फोटोत राखाडी का येतो, हे मला कळेना. तुम्ही समजावलेत की, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरे काय आणि काळे काय हे ठाऊक नसते. समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून तो हिशेब करतो, म्हणून पांढऱ्या वस्तूसाठी एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, एक-दीड स्टॉप वाढवावे लागते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) आणि काळ्या वस्तूसाठी कमी करावे लागते. हे पुस्तकातही वाचायला मिळते. पण आपण तसे केल्यावर पडद्याच्या चुण्या एकेक करून पांढऱ्या होत गेलेल्या पाहणे, आणि त्यातही अगदी टोकाची चुणी जळून न जाता तिचे विणकाम दिसत राहील इतके थांबणे, हा आनंद मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. वहीतली तेरावी नोंद आहे ती. ‘का?’ या रकान्यात मी लिहिले होते, “पडदा पांढरा आहे म्हणून.” तुम्ही त्याखाली पेन्सिलीने बरोबरची खूण केलीत.

एकदा मी कंटाळून म्हटले की, एकाच खिडकीचे किती फोटो काढायचे. तुम्ही रागावला नाहीत. छायाचित्रणाची सुरुवातच खिडकीपासून झाली, असे म्हणून तुम्ही मला निसेफोर निएप्स यांची गोष्ट सांगितलीत. त्यांनी १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समधल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून बाहेरची छपरे धातूच्या पत्र्यावर उमटवली. कॅमेऱ्यातून टिपलेली आणि आजवर टिकलेली ती सर्वांत जुनी प्रतिमा. तिला इतके तास लागले की, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते, कारण दरम्यान सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. इंग्रज संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांचे १८३५ सालचे सर्वांत जुने उपलब्ध निगेटिव्ह, म्हणजे उजेड-सावली उलटी उमटलेली प्रतिमा, तेही त्यांच्या घरातल्या जाळीदार खिडकीचेच आहे. आणि मग तुम्ही योसेफ सुदेक यांच्याविषयी बोललात. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा प्रागचा छायाचित्रकार १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षे आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत होता. काचेवरचे दव, पाऊस, बाहेरचे वाकडे झाड आणि चौकटीवर ठेवलेला पाण्याचा पेला. त्यानंतर महिनाभराची तक्रार मी पुन्हा केली नाही.

खिडकीने मला दिलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये कवडसे सर्वांत मोठे. बाहेरच्या झाडाच्या पानांतून येणारे ऊन सकाळी अर्धा-पाऊण तास आमच्या भिंतीवर आणि जमिनीवर गोल गोल ठिपक्यांनी उतरते. ते मी आयुष्यभर पाहत आले होते, पण पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असताना ठिपके गोल कसे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो तुम्ही विचारलात आणि उत्तर शोधायला चार दिवस दिलेत. मला उत्तर सापडले नाही. तेव्हा तुम्ही पुठ्ठ्याला एक त्रिकोणी आणि एक चौकोनी, अशी दोन बारीक भोके पाडून माझ्या हातात दिलीत. भिंतीजवळ धरल्यावर त्रिकोणच दिसला. पुठ्ठा मागे मागे नेत गेले तसा त्रिकोणाचा आकार विरघळला आणि दोन्ही भोकांतून सारखेच दोन गोल भिंतीवर उभे राहिले. तो प्रत्येक गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा आहे, पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक कॅमेरा आहे, हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. फट भिंतीपासून तीन मीटर दूर असेल तर कवडसा साधारण तीन सेंटीमीटरचा पडतो आणि खंडग्रास ग्रहण असेल तर हेच सगळे कवडसे एकदम चंद्रकोरी होतात, असेही तुम्ही सांगितलेत. मी त्या महिन्यातल्या छत्तीसपैकी अकरा फ्रेम कवडशांवर खर्च केल्या. त्यांतले नऊ फोटो फसले. उरलेल्या दोनांपैकी एकात सासूबाईंच्या पांढऱ्या चादरीवर सात सूर्य आहेत.

पावसाळ्यात तुम्ही लेन्स उलटी लावायला शिकवलीत. एका साध्या रिंगच्या आधाराने ५० मिलीमीटरची लेन्स उलट्या तोंडाने बसवली की जवळजवळ वस्तूच्या खऱ्या मापाइतकी प्रतिमा मिळते आणि अगदी जवळून टिपणारी वेगळी मॅक्रो लेन्स लागत नाही. मात्र अ‍ॅपर्चर हाताने फिरवावे लागते, आणि फोकस इतका निसटता असतो की श्वास घेतला तरी थेंब धूसर होतो. खिडकीच्या गजाला लटकलेल्या थेंबात मागचे झाड उलटे दिसते, कारण थेंब स्वतःच एक भिंग असतो. गजावर एका ओळीत नऊ थेंब आणि प्रत्येकात उलटे उभे असलेले एकेक झाड, हे पाहण्यासाठी मी पूर्वी प्रवासाची वाट पाहत होते.

तुमच्या शिकवण्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र माणसांविषयीची होती. सासूबाईंचा फोटो काढण्याआधी मी त्यांना विचारले पाहिजे, आणि आजारपणात त्या जशा दिसतात तसे दिसायला त्यांची हरकत असेल, तर कॅमेरा खाली ठेवला पाहिजे, असे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलेत. त्यांनी चेहऱ्याला नकार दिला. हातांना होकार दिला, तोही थोड्या आश्चर्याने. त्या बिछान्यावर बसल्या बसल्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असत. तेवढे एकच काम आता आपल्या हातून होते, असे त्या म्हणत. एका बाजूने येणारा खिडकीचा उजेड, सावलीच्या बाजूला उजळपणा आणण्यासाठी तुम्ही धरलेला पांढरा पुठ्ठा आणि १/१२५ सेकंद, एवढ्यावर तो फोटो झाला. घडीची कड चिमटीत धरून ती सरळ करणारा अंगठा आणि त्यावरच्या शिरा. प्रिंट पाहिल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “माझ्या आईचे हात असेच होते.” त्या दिवसापासून तो प्रिंट त्यांच्या उशाशी होता. आता त्या काठीच्या आधाराने घरभर फिरतात, आणि प्रिंट भिंतीवर गेला आहे. चेहऱ्याचा फोटो काढ, असे गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून सांगितले.

प्रिंट काढण्याचा तुमचा आग्रह त्या वेळी मला थोडा जुन्या वळणाचा वाटला होता, याबद्दल मला तुमची क्षमाही मागायची आहे. दुसऱ्या वर्षी माझी हार्ड डिस्क अचानक बंद पडली आणि चौदा महिन्यांच्या मूळ फाइल गेल्या. चूक माझीच होती, कारण दुसरी प्रत कुठेच नव्हती. उरले ते दर महिन्याला तुमच्या सांगण्यावरून काढलेले चार-चार प्रिंट, एकूण छप्पन्न, आणि वही. न उरलेल्या फोटोंच्याही नोंदी वहीत आहेत, आणि त्या वाचताना त्यांतले पुष्कळसे मला अजून दिसतात. आता मी प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवते, त्यांतली एक घराबाहेर.

एका बाबतीत माझे तुमच्याशी अजून जुळत नाही. फ्रेम पाहतानाच पूर्ण करावी, नंतर कडा कातरू नयेत, हे तुमचे म्हणणे मी शिकणाऱ्यासाठी योग्य मानते. पण पक्षी अर्ध्या क्षणात उडून जातो तेव्हा कडेचा रिकामा भाग नंतर काढून टाकण्यात मला काही गैर वाटत नाही. यावर आपण दोन संध्याकाळी वाद घातला. तुम्ही मत बदलले नाहीत आणि मलाही बदलायला लावले नाही. शिकवणाऱ्याने असे वागावे, ही माझ्या अनुभवात दुर्मीळ गोष्ट आहे.

या वयात हे शिकून काय उपयोग, असे मी म्हटले, तेव्हा तुम्ही इंग्लंडमधल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे नाव घेतलेत. १८६३ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्यांना मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी कोळशाच्या खोलीची डार्करूम आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा काचघर-स्टुडिओ केला आणि पुढच्याच जानेवारीत एका लहान मुलीचा फोटो त्यांच्या मनासारखा आला. त्यांच्या जवळ कोणी पुठ्ठा धरून उभे राहिले होते का, हे मला माहीत नाही. माझ्याजवळ तुम्ही होतात. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून तुम्ही धरलेला तो पांढरा पुठ्ठा, न सांगता पुसून ठेवलेली लेन्स, प्रत्येक रविवारी वहीवर केलेल्या पेन्सिलीच्या खुणा आणि एकाही फोटोला उगाच ‘छान’ न म्हणणे, या सर्वांसाठी मी तुमची मनःपूर्वक ऋणी आहे.

तुम्ही मुलीकडे राहायला गेल्याला आता सात महिने झाले. वही चौथी चालू आहे. आजची नोंद अशी: सकाळचे सात वाजून दहा मिनिटे, उजेड डावीकडून आणि थोडा मागून, छिद्र एफ/४, शटर १/२५० सेकंद. सासूबाई खिडकीपाशी उभ्या राहून काच पुसत आहेत. काचेवर त्यांच्या श्वासाचे धुके उमटले आहे आणि ते विरण्याआधी त्यात बाहेरच्या झाडाची एक फांदी दिसते. ‘का?’ हा रकाना मी सध्या मोकळा ठेवला आहे. प्रिंट आणि वही दोन्ही या आठवड्यात तुमच्याकडे पाठवते. सोबत पेन्सिल ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
भिंतीपलीकडची तुमची विद्यार्थिनी