सूचना: राखीव खाटांविषयी रविवारी बैठक

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या कार्यालयात बैठक आहे. रुग्णांसोबत रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येकाने यायचेच आहे.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ५० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. हा कुणाचा उपकार नाही, रुग्णाचा हक्क आहे. पण घरची माणसे आधी दागिने मोडतात आणि मग आपल्याला फोन करतात. दाखल होतानाच समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायला सांगा.

- आपल्याकडच्या रुग्णांचे रेशनकार्ड व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती आणा.
- रुग्णाचे नाव, फोटो ग्रुपवर टाकू नका.
- मदतीची रक्कम खजिनदारांकडेच द्या, पावती घ्या.