बरा, बराच आणि साफ

लीड्स, १६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोन आई उचलते, आणि तिने आधीच देवापुढे साखर ठेवली आहे. माझ्या रिपोर्टला साहेब 'क्वाइट गुड' म्हणाले, हे मी मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं ना? तो रिपोर्ट सोमवारी परत आला. दुसऱ्या पानापासून नुसता लाल.

शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन मुलाचीही इथे आल्यावर अशीच फसगत झाली होती. त्यांच्याकडे 'क्वाइट गुड' म्हणजे चांगलंच. इथे इंग्लंडात बहुतेक वेळा 'बरंय'. त्यातून बोलताना 'क्वाइट'वर जोर पडला, तर 'बरंय, पण...'. पुढचं कोणी बोलत नाही, आपण ओळखायचं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हे आपोआप कळायला हवं होतं. दहावीत ९२ टक्के पडले तेव्हा पेपरातून मान वर न करता तुम्ही 'बरे आहेत' म्हणाला होतात. आत्या पुरणपोळी खाऊन 'जमलीये की' म्हणते, ते आईला किती दिवस पुरतं ते तुम्हीच बघता.

पण हाच शब्द 'राइट', 'इम्पॉसिबल' असल्या, कमी-जास्त न होणाऱ्या शब्दांपुढे आला की एकदम ताठ होतो. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य. मूळचा अर्थ हाच. 'बरं' हा नंतर पाणी पडून पातळ झालेला. डिक्शनरी उघडली तर 'क्वाइट' आणि नोकरी सोडतानाचा 'क्विट' ही सख्खी भावंडं निघाली. जुन्या फ्रेंचमधून आलेली, मूळ अर्थ मोकळा, सुटलेला. काही शिल्लक उरलं नाही, म्हणून पूर्ण. आपला 'साफ' तरी वेगळं काय करतो? अंगण साफ केलं, आणि किल्ली कुठे ठेवली ते साफ विसरलो! शिवाय 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हेत, बरेच. आपण 'बरे'ला नुसता 'च' चिकटवून तेच साधतो. पर्वतीच्या मंडळींना सांगा, सकाळचा एक चढ बोलण्यात निघेल.

दिवाळीच्या शंकरपाळ्या परवा पोचल्या, काल ऑफिसात नेल्या. साहेबांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाले, 'क्वाइट डिलिशस'. मी सावध. 'डिलिशस' हा मुळातच टोकाचा शब्द, म्हणजे हे 'क्वाइट' साफवालं असणार, असा हिशेब मनात चालू होता. तोवर ते दुसऱ्यांदा डब्याशी आले. दुपारी तळाला चुरा उरला होता, तो मीच खाल्ला.

आईला रिपोर्टचं सांगू नका. शंकरपाळ्यांचं सांगा, आणि डबा जरा मोठा पाठवा.

तुमचा,
धाकटा