अक्का, त्या मिटलेल्या छत्रीबद्दल

अक्का, नमस्कार. फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "इरली बिडव्वा" (असू दे गं) म्हणून विषयच बदललात आणि आईच्या गुडघ्याची चौकशी करायला लागलात, म्हणून आता इथं चारचौघांत लिहितेय, इथं तरी मला मधेच तोडता येणार नाही तुम्हाला.

परवा रात्री मेल आला. शुक्रावर जाणाऱ्या एका यानावर जमिनीच्या खालचं बघणारं रडार असणार आहे, त्याच्या सल्लागार शास्त्रज्ञांत माझं नाव लागलंय. यादी जाहीर व्हायची आहे म्हणून यानाचं नाव घेत नाही. मेल तीनदा वाचला, मग आईला उठवलं, आई म्हणाली "शुक्र म्हणजे पहाटेची चांदणी तीच नव्हं?", आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेनाच.

लोक विचारतात, रडार तर इंजिनियर बनवतात, मग सल्लागार कशाला? तर आलेल्या सिग्नलमधलं खरं काय आणि फसवं काय हे ओळखायला जमिनीवर राबलेली माणसं लागतात. १९९० ते ९४ मध्ये मॅगेलन यानानं ढगांच्या आरपार शुक्राचा ९८ टक्के पृष्ठभाग रडारनं टिपला, पण तो वरचा. खालचं बघायचं तर लांब लहर लागते, ९ मेगाहर्ट्झ घेतलं तर एकेक लहर ३३ मीटरची. मंगळावर मार्सिस नावाचं रडार २००५ पासून याहून लांब लहरी वापरून हेच काम करतंय. आणि सगळ्यांची डोकेदुखी एकच, रडारला फक्त वेळ कळते. बाजूच्या डोंगरावरून परत आलेली लहर आणि खालच्या थरावरून परत आलेली लहर एकाच वेळी पोचली की डोंगर जमिनीखाली गाडलेला दिसतो!

माझी सगळी पीएचडी यावरच, फक्त शुक्राऐवजी बेळगावकडच्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या जांभ्या दगडावर. जमिनीवरून ओढायचं रडार घेऊन माळावर गेलं की कडेच्या झाडांचा प्रतिध्वनी जमिनीखाली दिसतो. पण लहर हवेत एका नॅनोसेकंदाला ३० सेंटीमीटर जाते आणि कोरड्या काळ्या खडकात साधारण त्याच्या एक तृतीयांश, म्हणून चित्रातल्या रेघेचा उतार नीट बघितला की झाड कुठलं आणि थर कुठला ते सांगता येतं. एवढंच माझं काम, पण त्यावर मी सहा वर्षं घालवलीत आणि मला ते प्राणापलीकडं प्रिय आहे.

आता जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलतेच. अर्जासोबत ताजा सर्व्हे जोडायचा होता आणि माझ्याकडं रडार नव्हतं. एका मोठ्या संस्थेनं मशीन देतो देतो म्हणून आठ महिने लटकवलं आणि शेवटी विचारलं, "तुमचं कॉलेज नेमकं कुठं आहे म्हणालात?" दुसरे एक सर, आपलेच, मराठी, आमच्याच भागातले, सीमाभागातल्या पोरांसाठी काहीतरी केलं पाहिजे असं दर भाषणात सांगणारे, त्यांना मी चार वेळा भेटले. शेवटच्या वेळी ते म्हणाले की खानापुरात राहून शुक्र कशाला, बी.एड. कर, गावात नोकरी लागेल. बी.एड. वाईट नाही, माझी बहीण बी.एड. आहे, पण माझी फाईल न उघडता ते बोलले याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि तुम्ही धारवाडच्या, माझी तुमची ओळख म्हणजे एका सेमिनारमध्ये चहाच्या रांगेत दहा मिनिटं बोललो तेवढीच. तुम्हाला मेल केला तो घाबरत, इंग्लिशमध्ये. दुसऱ्या दिवशी फोन आला, अर्धा कन्नड अर्धा मराठी, "वळीव कधी येतो तुमच्याकडं? भुई ओली झाली तर काय दिसणार नाही बघ." रडारवाल्या माणसाला आधी पावसाचं सुचतं! ओली जमीन लहर गिळून टाकते हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मशीन कसं मिळवलंत, कुठं सह्या केल्यात, ते सगळं सोडते. मला सांगायचंय ते एप्रिलमधल्या त्या दिवसाचं. जांबोटीच्या पुढं मामांचा माळ, माझ्याबरोबर येणारी दोन्ही पोरं परीक्षेमुळं आली नाहीत, आणि तुम्ही नुसतं बघायला म्हणून आलेल्या. पन्नास मीटरचा फायबरचा टेप, एक टोक माझ्याकडं, दुसरं कोण धरणार? "नी नडी, ना हिडितीनि", तू चाल, मी धरते, म्हणालात आणि धरलंत.

अकरा वाजता ऊन असं की जांभा तव्यासारखा तापलेला. तुम्ही छत्री उघडलीत. पहिली लाईन झाली, म्हणजे टेपच्या कडेनं रडार एकदा ओढून झालं, स्क्रीनवर आपण दोघींनी बघितलं, तुमच्या टोकाकडं एक बारीक वाकडी रेघ. मी काही बोलले नाही, कशी बोलणार, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. तुम्हीच म्हणालात, "ह्या काड्यांचा एको काय गं?" आणि मी हो म्हणायच्या आत छत्री मिटलीत, लांब मामांच्या गाडीत नेऊन ठेवलीत, मोबाईलपण तिथंच ठेवलात, आणि डोक्यावर पदर घेऊन परत त्या टोकाला येऊन उभ्या राहिलात. साडेतीन तास. सात लाईन. मामी ताक घेऊन आल्या तर "लाईन मुगिली" (लाईन संपू दे) म्हणून तांब्या खाली ठेवायला लावलात. शेजारचे एक आजोबा येऊन विचारून गेले, "बाई, पाणी लागंल काय?", त्यांनाही तुम्ही हातातला टेप न हलवता सगळं समजावून सांगितलंत. तीनच्या सुमारास पश्चिमेकडं काळं भरून आलं, आपण मशीन गाडीत टाकलं आणि वाटेत थेंब सुरू झाले.

अक्का, तो डेटा इतका स्वच्छ आला की अर्जात मी पहिलं चित्र तेच लावलं. मुलाखतीत एकानं विचारलं की या बाजूला काहीच फसवं दिसत नाही ते कसं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुमचा तो पदर आला आणि मला दोन सेकंद बोलताच आलं नाही.

आमच्या भागात भाषेवरून वर्षातून एखाददोनदा तरी तापतं, बस बंद पडतात, पाट्यांना काळं फासलं जातं. मला माझी मराठी जीव की प्राण आहे आणि ते मी कुणापुढं लपवणार नाही. पण त्या माळावर तुम्ही मला कुठली, कुणाची, कुठल्या बाजूची हे एकदाही विचारलं नाहीत, विचारलंत ते फक्त "पुढची लाईन किती मीटरवर?" चांगली माणसं अशीच असतात बहुतेक, त्यांचं लक्ष कामावर असतं आणि आपण किती मोठे आहोत हे त्यांच्या ध्यानातच नसतं. बेळगावच्या बाजारात, एसटीत, दवाखान्यात अशी माणसं मला आधीही भेटलीत, मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी, त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही म्हणून आज तुमच्या निमित्तानं त्यांनाही नमस्कार.

तुमची छत्री मामांच्या गाडीतच राहिली होती, ती माझ्याकडं आहे. आईनं मांडे करायचं ठरवलंय, पुढच्या रविवारी या. लोंड्यावरून येणारी गाडी धरलीत तर मी खानापूर स्टेशनवर छत्री घेऊन थांबते.

तुमची,
खानापूरची पोरगी