बारीच्या मावशींस, कळसूबाईच्या वाटेवर

मुंबई, चैत्र

आदरणीय मावशी,

सादर प्रणाम. तुमचे नाव विचारण्याचेही भान त्या दिवशी आम्हाला राहिले नाही, म्हणून हे पत्र असे सर्वांसमोर लिहीत आहे. बारी गावातून कळसूबाईला जाणाऱ्या वाटेवर, शिडीच्या खाली लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी म्हटले की निदान तिथे नेहमी येणाऱ्यांना तुम्ही कोण हे कळेल, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील, अशी आशा आहे.

आम्ही दादरचे पाच मित्रमैत्रिणी. पहाटेच्या लोकलने कसाऱ्याला उतरून जीपने घोटीमार्गे बारीला पोहोचायचे आणि लगेच चढायला लागायचे, असे ठरले होते. पळस अजून पेटलेला होता, बांधावरचे पांगारे पान नसताना फुलले होते, आणि फोटोंसाठी थांबत थांबत आम्ही गावात पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. हा उशीर माझ्यामुळे झाला. बेत माझा होता आणि जीप थांबवायलाही मीच सांगत होतो. १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर चैत्रात उन्हे चढल्यावर चढू नये, हे मला ठाऊक असायला हवे होते.

शिखरावर देवीच्या लहानशा मंदिरापाशी पोहोचलो तेव्हा सर्व ठीक होते. समोर अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले ओळीने उभे होते, दुसऱ्या बाजूला भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते, आणि आमची मैत्रीण सर्वांत जास्त बोलत होती. उतरताना मात्र तिचे बोलणे थांबले. लोखंडी शिडीचे कठडे हाताला चटका देत होते. तुमच्या झापाच्या थोडे वर ती खाली बसली; अंग घामाने ओले आणि गार, हातावर काटा, पोटऱ्यांत गोळे. तिने पाणी भरपूर प्यायले होते, त्यामुळे नेमके काय बिघडले हेच आम्हाला उमगेना. आम्ही तिला आणखी पाणी पाजत राहिलो.

तुम्ही हाक न मारता आलात. तिच्या गालाला हाताची पालथी बाजू लावून पाहिलीत आणि म्हणालात, "घामाबरोबर मीठ गेलंय पोरीचं. नुसतं पाणी काय कामाचं?" त्यानंतर आम्ही चौघे तुम्ही सांगाल ते करत गेलो. तिला झापाच्या सावलीत आडवे केले, पायाखाली पिशव्या ठेवून पाय उंच केले, बूट काढले. जुन्या लुगड्याचा एक फडका भिजवून तुम्ही तिच्या मानेवर आणि डोक्यावर ठेवलात, तो कोमट झाला की पुन्हा भिजवलात. मीठ आणि साखर घातलेले लिंबाचे पाणी तुम्ही घोटभरच देत होता. ग्लास तिने हिसकावून घेतला तेव्हा तिच्या हातून तो काढून घेतलात. लघवीला जाऊन आल्याखेरीज हिला निघू द्यायचे नाही, हेही तुम्हीच बजावलेत. परत आल्यावर एका डॉक्टरांना हे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी यात बदलण्यासारखे काही नाही, एवढेच म्हटले.

मावशी, मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते तुमच्या हंड्याविषयी. उन्हाळ्यात सरबताचे पाणी गावातून डोक्यावर वाहून आणावे लागते, हे तुमच्या पुतण्याने आम्हाला सांगितले तोवर हंड्याचा तळ दिसू लागला होता. तो फडका किती वेळा भिजवला हे मी मोजले नाही. रविवार होता, वरून माणसे उतरत होती, सरबत मागत होती, आणि तुम्ही त्यांना "आज संपलं" म्हणून परत पाठवत होता. दिवसभराची कमाई तुम्ही आमच्या मैत्रिणीच्या डोक्यावर ओतत होता. निघताना मी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही पाच ग्लासांचे तेवढे मोजून घेतलेत आणि उरलेल्या नोटा माझ्या मुठीत परत कोंबल्यात. "सरबताचं घेतलं. पाण्याचं घेत नाय." हे वाक्य त्या दिवसापासून मी घरी, कचेरीत, लोकलमध्ये कितीजणांना सांगितले असेल.

तुमच्या पुतण्याचेही आभार मानायचे राहिले. चारनंतर, कठडे निवल्यावर, तो खालच्या शिडीवर तिच्या एक पायरी खाली राहून उलटा उतरला आणि तिचे प्रत्येक पाऊल हाताने धरून पायरीवर टेकवत गेला. "ताई, खाली बघू नका, माझ्याशी बोला," असे म्हणत त्याने तिला तिचे घर, नोकरी, भावंडे असे सारे विचारले. गावात पोहोचेपर्यंत ती पुन्हा बोलू लागली होती.

आता ती पूर्ण बरी आहे आणि कामावर जाते. तुमचा तो फडका डोक्याला गुंडाळलेला तसाच कसारा लोकलमध्ये आला, हे कल्याण गेल्यावर आमच्या लक्षात आले. तिने तो धुऊन, घडी घालून ठेवला आहे. आम्ही पुढच्या महिन्यात एका रविवारी येत आहोत. या वेळी आदल्या रात्रीच बारीत मुक्कामाला येऊ आणि उजाडण्यापूर्वी निघू. वर येताना प्रत्येकाच्या पाठीवर तुमच्या हंड्यासाठी पाच लिटर पाणी असेल. फडका ती स्वतःच तुमच्या हातात देणार आहे.

आपला कृतज्ञ,
त्या दिवशी तुमचा हंडा धरून बसलेला